अकरा महिन्यांचा अनिकेत

दर अकरा महिन्यांनी, बहुधा रविवारी सकाळी, आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात एक तरुण गृहस्थ खांद्याला पिशवी अडकवून येतो. पिशवीतून लॅपटॉप, बोटभर लांबीचा कॅमेरा आणि अंगठा टेकवण्याचे काचेचे चिमुकले यंत्र काढून ते टीपॉयवर मांडतो. प्रथम घरमालकाचा, मग बिऱ्हाडकरूचा आणि शेवटी दोन साक्षीदारांचा अंगठा उमटवून घेतो. आणि त्याने चहाचा पेला खाली ठेवेपर्यंत एका कुटुंबाच्या डोक्यावरचे छप्पर आणखी अकरा महिन्यांपुरते कायम झालेले असते. या दस्ताला लिव्ह अँड लायसन्स म्हणतात. म्हणजे जागेवर कोणताही हक्क न देता तेथे राहू देण्याचा निव्वळ परवाना. बोरिवलीच्या आमच्या इमारतीत गेली तीन वर्षे या दस्तावर साक्षीदार म्हणून माझा अंगठा उमटत आलेला आहे, आणि दर खेपेस, कोणाचेही काही वाईट न करता आपण कशाला तरी साक्षी राहिलो आहोत, अशी एक अस्पष्ट टोचणी घेऊन मी माझ्या दारात परत येत असे.

बिऱ्हाडकरू एका माध्यमिक शाळेत संस्कृत शिकवतात. करारनाम्यातील अनेक अटींपैकी एक अट अशी आहे की, भिंतीला नवा खिळा ठोकू नये. ठोकल्यास रंगरंगोटीचा खर्च डिपॉझिटमधून वळता केला जाईल. परिणामी त्यांच्या घरातील दिनदर्शिका खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेली असते, आणि संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की संकष्ट्या, एकादश्या आणि गॅसचे सिलिंडर कोणत्या दिवशी लावले त्याच्या शिसपेन्सिलीच्या खुणा अशा साऱ्या एकदम फडफडू लागतात. धाकट्या मुलीला चित्रकलेत मिळालेले प्रशस्तिपत्र चौकटीत बसवून कपाटावर आडवे ठेवलेले आहे. भिंत मिळेल तेव्हा ते उभे राहील. या अटीविषयी मी एकदा सहानुभूती व्यक्त करू लागलो, तेव्हा सर हसून म्हणाले, ‘‘अप्पा, गीतेने ज्याला अनिकेत म्हटले तो भक्त मीच. फरक इतकाच की, त्याला डिपॉझिट भरावे लागत नाही.’’

विनोद म्हणून मी तो त्या वेळी घेतला. परंतु काही विनोद पायांत मोडलेल्या काट्यासारखे असतात, चालू लागल्याशिवाय ते जाणवत नाहीत. ज्याला स्वतःचे घर नाही तो अनिकेत काय? आणि नसेल, तर मग अनिकेत कोणाला म्हणावे?

भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची जी लक्षणे एकापाठोपाठ एक सांगितली आहेत, त्यांत निंदास्तुती समान मानणारा, मौनी आणि जे मिळेल त्यात संतुष्ट, या विशेषणांच्या सोबतीने हा शब्द येतो. शंकराचार्यांना त्यात संन्यासी दिसला: ज्याचे राहण्याचे ठिकाण नियत नाही तो अनिकेत. रामानुजाचार्यांना हा अर्थ पुरेसा वाटला नाही, कारण भक्तीचा मार्ग गृहस्थासही मोकळा असावयाचा, तर घर सोडण्यापेक्षा घराविषयीची आसक्ती सोडणे हेच लक्षण मानले पाहिजे. शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी हाच शब्द मराठीत आणताना वाऱ्याची उपमा दिली, आणि त्या उपमेत त्यांनी ‘बिढार’ हा शब्द वापरला, जो आज आपण ‘बिऱ्हाड’ असा उच्चारतो. वाऱ्याचे बिऱ्हाड एका ठिकाणी नसते, तसा हा पुरुष कोठेही आश्रय धरून राहत नाही, असे सांगून ते लगेच त्याच्या मनाची दुसरी बाजू दाखवतात: अशा माणसाला अवघे विश्व हेच आपले घर वाटते. या दोन विधानांमधील अंतर मला पूर्वी काव्यमय वाटत असे. आता ते फार व्यावहारिक वाटते. कारण ज्याला कोठेच बिऱ्हाड नाही त्याला सगळीकडे घर असावे, ही गोष्ट बोरिवलीत तरी आपोआप घडत नाही.

आपल्या भक्तिपरंपरेत देह म्हणजे भाड्याचे घर, ही कल्पना इतकी रुळलेली आहे की कीर्तनातून, भजनातून आणि स्मशानातील सांत्वनातून ती सारख्याच सहजतेने फिरते. जीव हा चार दिवसांचा बिऱ्हाडकरू, मालक वेगळाच, आणि त्याचा हुकूम आला की भांडीकुंडी न आवरता निघावे लागते. तात्पर्य असे की, देहावर मालकी सांगू नये. उपमा सुंदर आहे, आणि तिच्यातील सत्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती उपमेच्या पोटात दडलेल्या एका गृहीताविषयी. या उपमेला असे वाटते की भाड्याच्या घरात राहणारा मनुष्य त्या घराविषयी स्वभावतःच अनासक्त असतो. म्हणून देहाकडेही आपण त्याच दृष्टीने पाहावे. मुंबईच्या गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले तर हे गृहीत टिकत नाही. भाडेकरूइतका चिवट आसक्त मनुष्य या शहराने क्वचितच पाहिला असेल, आणि त्याला तसे होण्यास कारणेही तितकीच सबळ होती.

१८९६ मध्ये मांडवीच्या गोद्यांजवळ प्लेगने डोके वर काढले, आणि माणसे कोंदट खोल्यांतून किती दाटीने राहतात हे सरकारला मृत्यूच्या आकड्यांतून कळले. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने जुन्या वस्त्या पाडून रस्ते रुंद केले आणि काही चाळी बांधल्या. पहिल्या महायुद्धानंतर डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे गिरणीकामगारांसाठी त्या सुप्रसिद्ध बीडीडी चाळी उभारल्या, ज्यांतील एक खोली साधारण १६० चौरस फुटांची असे. त्या मापात आजोबा, आई-बाप, कर्ती मुले आणि गावाहून आलेला एखादा भाचा यांनी पिढ्या काढल्या. याच काळात, १९१८ पासून, भाडेनियंत्रणाचे कायदे येऊ लागले होते, आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने तर १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण भाडे ठरवून टाकले. युद्ध, फाळणी आणि गिरण्यांची ओढ यांमुळे शहर एका दशकात सतरा-अठरा लाखांवरून तीस लाखांच्या घरात गेलेले; अशा वेळी मालकाने भाडे तिप्पट करावे किंवा बिऱ्हाड रस्त्यावर काढावे, हे कोणत्याही लोकाभिमुख सरकारला पाहवले नसते. म्हणून कायदा करुणेतून जन्मला, हे मी निःशंकपणे म्हणेन.

परंतु करुणेतून जन्मलेली तात्पुरती व्यवस्था अर्धशतक चालली, आणि तिच्यातून एक नवे वतन निर्माण झाले. भाडे कागदावर गोठलेले, पण जागेची किंमत आकाशाला. तेव्हा भाडेकरूचा हक्कच विकत घेण्याची प्रथा पडली, आणि तिला ‘पागडी’ हे भरजरी नाव मिळाले. भाडेपावती ही देवघरात ठेवण्याची वस्तू झाली. खोली कोणाच्या नावावर चढवावयाची, यावरून सख्ख्या भावांत अबोला धरला गेला, आणि ज्या भिंतीवर आपली मालकी नव्हती तिच्यासाठी वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालले. इकडे मालकाला मिळणाऱ्या भाड्यात जिन्याची एक पायरीसुद्धा दुरुस्त होत नसे. इमारती खचू लागल्या, म्हणून १९६९ मध्ये सरकारला दुरुस्तीचा स्वतंत्र कायदा करून भाडेकरूंकडून उपकर घ्यावा लागला. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याची ही पद्धत आता अवाजवी झाली आहे असा अभिप्राय दिला, आणि २००० च्या मार्चअखेरीस अंमलात आलेल्या नव्या कायद्याने वर्षाकाठी शेकडा ४ वाढ मान्य करून पागडीलाही कायद्याच्या चौकटीत घेतले.

आपल्या जुन्या महसुली दप्तरात जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग असत: मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, ती त्याच्याकडून सहसा काढून घेता येत नसे. उपरी हा मुदतीपुरता, मामलेदाराच्या किंवा पाटलाच्या मर्जीवर कसणारा. त्याच उपरीचा सगोत्र ‘उपरा’ हा शब्द आजही आपण गावात नव्या आलेल्या माणसासाठी वापरतो, आणि त्यातील तुच्छता अजून शिळी झालेली नाही. मराठीत ‘कूळ’ या एकाच शब्दाने घराणेही दाखवले जाते आणि दुसऱ्याची जमीन कसणाराही. जणू भाषेलाच ठाऊक होते की दुसऱ्याच्या भूमीवर पुरेसा काळ राहिलेला मनुष्य तेथे आपली वंशावळ रुजवू पाहणारच. मुंबईच्या चाळीत हेच घडले. उपरी म्हणून आलेला मनुष्य मिरासदार झाला, आणि मिरासदार झाल्यावर मिरासदाराचे सारे विकारही त्याला चिकटले. मी स्वतः गिरगावातल्या अशा एका खोलीत वाढलो आहे. मेहताजी महिन्याच्या सात तारखेला जिन्याखाली बसून पावत्या फाडीत, आणि आमचे वडील, ज्यांनी आयुष्यात कोणाकडून काही फुकट घेतले नाही, ते पावती दिव्यापुढे धरून नाव नीट लिहिले आहे की नाही हे दोनदा पाहत. ज्याला घर नाही त्याच्या चित्तात घराविषयी जी अखंड दक्षता असते, तिला अनासक्ती कसे म्हणावे?

येथे कोणी म्हणेल की, हा दोष स्थैर्याचा. अस्थैर्य दिले की आसक्ती गळेल. आजची भाड्याची बाजारपेठ हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर करीत आहे. त्यामागे एक जुने भय आहे. १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस जे परवानाधारक म्हणून राहत होते त्यांना एका रात्रीत संरक्षित भाडेकरूचा दर्जा मिळाला. ज्यांना तो मिळाला त्यांनी पेढे वाटले असतील. पण ज्यांनी विश्वासाने जागा दिली होती त्यांच्या मनात त्या दिवशी जे भय शिरले ते पुढल्या पिढीलाही वारशात मिळाले. कायदा आता बदललेला आहे. मुदत संपल्यावर मालकाला जागा परत मिळवून देणारी तरतूद आहे, आणि न सोडणाऱ्याकडून दुप्पट भरपाई घेता येते. अकरा महिन्यांच्या आकड्याचे मूळसुद्धा असेच जुने आहे: १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे, म्हणून लोकांनी एक महिना छाटला. आज महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो, आणि तो अधिक मुदतीचाही करता येतो. तरी आकडा तसाच राहिला, जसे पाणी आटल्यावरही नदीचे पात्र वळणे घेत राहते.

या अस्थैर्याने सरांच्या घरात वैराग्य आणलेले मी पाहिले नाही. आणली ती काळजी. नव्या घरात शिरताना ते वास्तुशांती करीत नाहीत, कारण आग्नेय कोपऱ्यातील दुसऱ्याची फरशी उकरून वास्तुप्रतिमा पुरावयाची कशी. त्यांच्या पत्नी नुसते दूध उतू घालतात आणि शेगडी लगेच पुसून घेतात. दहावा महिना लागला की घरातल्या बोलण्याला एक दबकेपणा येतो. मुलीची शाळा, गॅसचा पत्ता, बँकेचा पत्ता, आधारचा पत्ता, पोलीस ठाण्यात द्यावयाचा अर्ज, दलालाची एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली, आणि जुन्या मालकाकडून डिपॉझिट परत येण्यापूर्वी नव्या मालकाला द्यावयाचे डिपॉझिट, अशी ती विवंचना आहे. वैराग्याला निदान रिकामा वेळ लागतो. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो खरे. परंतु विंचवाची नांगीही त्याच पाठीच्या टोकाला असते, हे विसरतो.

यंदा मालकाने भाड्यात अशी वाढ मागितली की सरांना ती झेपण्यासारखी नव्हती. मालकालाही मी दुष्ट म्हणणार नाही. बाजारच तसा आहे. आमच्या उपनगरांत तीस-चाळीस वर्षांच्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत, आणि प्रत्येक इमारतीतील पन्नास-साठ कुटुंबे, जी काल मालक होती, ती तीन-चार वर्षांसाठी त्याच परिसरात भाड्याचे घर शोधीत फिरतात. मुलांच्या शाळा आणि म्हाताऱ्यांचे डॉक्टर सोडून त्यांना लांब जावयाचे नसते, आणि भाडे विकासक देत असल्यामुळे घासाघीस करण्याचे त्यांना कारण नसते. अशा रीतीने मालकच भाडेकरू होऊन मूळच्या भाडेकरूला पुढल्या स्टेशनाकडे, म्हणजे मिरारोड, नालासोपारा, विरारकडे ढकलतो. पूर्वी प्लेगने वस्त्या हलवल्या, आता बांधकामाने हलतात.

आणि त्याच वेळी घरे रिकामी आहेत. १९६१ मध्ये देशातील शहरी कुटुंबांपैकी शेकडा ५४ कुटुंबे भाड्याने राहत. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण शेकडा २८ वर आले. ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण जणू राष्ट्रीय धोरण झाली. त्याच जनगणनेत देशाच्या शहरांत मिळून १ कोटी १० लाखांहून अधिक घरे बंद आढळली, आणि त्यांत सर्वांत मोठी संख्या, सुमारे ४ लाख ८० हजार, मुंबईची होती. घराच्या किमतीच्या मानाने वर्षाचे भाडे येथे शेकडा दोन-तीन इतकेच सुटते. तेवढ्यासाठी कटकट कोण मागे लावून घेणार, असा हिशेब सांगितला जातो. काही घरे द्यावयाची असतात, पण कोणाला द्यावयाची नाहीत याची यादी द्यावयाच्या यादीहून लांब असते: एकटी मुलगी नको, अविवाहित मुलगा नको, अमुक धर्माचा नको, तमुक खाणारा नको, जात तर आडनावावरून आपोआप विचारली जाते. ही यादी कोणा एका समाजाची मिरास नाही. ती मी मराठी तोंडूनही तितक्याच वेळा ऐकली आहे.

मालकीच्या बाजूने बोलावयाचे ते प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. आपल्या धर्मशास्त्राला घरभाडे अपरिचित नव्हते. नारदस्मृतीत त्याला ‘स्तोम’ म्हटले आहे, आणि तेथला नियम पाहण्यासारखा आहे: दुसऱ्याच्या जागेवर स्तोम देऊन ज्याने घर बांधले, तो जाताना आपले गवत, लाकूड आणि विटा घेऊन जाऊ शकतो, ज्याने स्तोम न देता वास्तव्य केले, त्याने ते तेथेच सोडून जावे. म्हणजे मालकाचा मोबदला मान्य, आणि मोबदला देणाऱ्याच्या श्रमाची खूणही मान्य. मात्र भूमीच्या मालकीला एक मर्यादा आहे, हेही आपल्याच परंपरेने सांगितले. पूर्वमीमांसेत प्रश्न उपस्थित होतो की, विश्वजित यज्ञात सर्वस्व दान करावयाचे असते, तर सार्वभौम राजाने पृथ्वीही द्यावी काय? जैमिनींचे उत्तर नकारार्थी आहे: पृथ्वी देता येत नाही, कारण तिच्याशी सर्वांचा संबंध सारखाच आहे. राजाचा अधिकार रक्षणाचा. भूमीच्या तुकड्यावर शेतकऱ्याचा भोग आहे, पण समग्र भूमी कोणाच्याही मुठीत मावणारी वस्तू नव्हे. एवढेच कशाला, वास्तुशांतीत आपण ज्याला आवाहन करतो तो वास्तोष्पती ऋग्वेदातला आहे, आणि त्या सूक्तात घराच्या या अधिपतीने आपल्याला ओळखावे अशी विनवणी केलेली आहे. ज्याच्या नावावर खरेदीखत आहे तोही पहिल्या दिवशी परवानगीच मागत असतो; पुढे तो ते विसरतो, इतकेच.

हा विचार ज्यांनी आचाराच्या पातळीवर सर्वांत बारकाईने केला ते जैन आचार्य. साधूने कोठे मुक्काम करावयाचा तर ‘अवग्रह’, म्हणजे जागेची अनुज्ञा, घेतलीच पाहिजे, आणि ही अनुज्ञा पाच पायऱ्यांची मानली आहे: देवेंद्राची, राजाची, त्या प्रदेशाच्या गृहपतीची, प्रत्यक्ष घरधन्याची आणि तेथे आधीच उतरलेल्या सहधर्मी साधूची. ज्या घरधन्याने जागा दिली त्याला शय्यातर म्हणतात, आणि त्याच्या घरची भिक्षा साधूने घ्यावयाची नाही. एका माणसावर निवाऱ्याचा भार टाकल्यावर अन्नाचाही टाकू नये. विशेष हे की, ही सारी चर्चा अचौर्यव्रताखाली येते. विनापरवाना राहणे म्हणजे चोरी, हे आपण समजू शकतो. परंतु दिगंबर परंपरेच्या तत्त्वार्थसूत्रात या व्रताच्या ज्या पाच भावना सांगितल्या आहेत, त्यांत रिकाम्या जागी राहणे आणि दुसऱ्याने सोडून दिलेल्या जागी राहणे यांच्या पाठोपाठ ‘परोपरोधाकरण’ असा एक लांबलचक शब्द येतो. आपण जेथे राहत आहोत तेथे दुसरा कोणी येऊ लागला तर त्याला अडवू नये, असा त्याचा अर्थ. अडवणे हा नुसता उद्धटपणा नव्हे. ती चोरीच्या जातीची गोष्ट आहे. हे सूत्र मी महाविद्यालयात असताना पाठ केले होते, आणि त्यानंतर चाळीस वर्षे त्याचा माझ्याशी काही संबंध असेल असे मला वाटले नव्हते.

तो संबंध मला कान्हेरीत कळला. आमच्या घरापासून राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि आतल्या डोंगरात शंभरावर लेणी आहेत. जवळपास हजार वर्षे तेथे बौद्ध भिक्षू राहत होते. पाऊस नुकताच उघडला होता. एका लहान विहाराच्या ओसरीवर मी टेकलो. समोर कातळात खोदलेले पाण्याचे टाके, त्यावर शेवाळाची साय. आत एकच कोठडी, तिच्यात भिंतीला लागून दगडाचाच कट्टा, एका माणसाला कूस बदलता येईल इतका रुंद. दाराच्या उंबऱ्यात बिजागरी फिरण्याची वाटोळी खोबण. म्हणजे दार होते. पावसापासून, जनावरापासून ओढून घेण्यासाठी होते. कल्याण, सोपारा, चौल येथील व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी ही लेणी आणि टाकी दान दिली, आणि वर्षावासात भिक्षूंना चीवर मिळावे म्हणून कायमची ठेवही नेमून दिली; तशाच ठेवीचा हिशेब नाशिकच्या लेण्यात उषवदात नावाच्या दात्याने तीन हजार कार्षापणांच्या तपशिलासह कोरून ठेवला आहे. या लेखांतून दान घेणाऱ्याचे नाव पुन्हापुन्हा एकच येते: चातुर्दिश संघ. म्हणजे चारी दिशांचा संघ. लेणे अमुक स्थविराला दिले नाही, येथल्या रहिवाशांना दिले नाही. उद्या कोणत्याही दिशेने जो येईल त्यालाही ते आजच देऊन झालेले आहे. वर्षावासाचे तीन महिने भिक्षू हलत नसे. मुदत त्यालाही होती, कट्टा त्यालाही अरुंद होता, आणि मालकी त्यालाही नव्हती. तरी तो उपरा नव्हता, कारण त्याच्या आधी आलेल्याला त्याला अडवण्याचा अधिकार नव्हता.

तेथून पश्चिमेकडे पाहिले की झाडांच्या वरून बोरिवलीचे मनोरे दिसतात. त्यांपैकी एका मनोऱ्यात माझे एक घर आहे. अमेरिकेत असलेल्या मुलासाठी म्हणून ते घेतले, तो परत येईल तेव्हा असावे म्हणून ठेवले, आणि चार वर्षे त्याला कुलूप होते. हे मी आतापर्यंत सांगितले नाही, कारण मलाही ते या लेखाच्या विषयात मोडते असे वाटले नव्हते. शेजारच्या कुटुंबाच्या दस्तावर साक्षीचा अंगठा देऊन घरी येताना जी टोचणी लागत असे तिचे मूळ मी कायद्यात, बाजारात, मालकाच्या लोभात शोधीत होतो. सरांना मी कधी विचारले नव्हते. भाडेकरू ठेवला आणि तो निघाला नाही तर, हे १९७३ चे भय माझ्या वडिलांच्या पिढीने माझ्या हाती दिले होते, आणि मी ते भाडेपावतीइतक्याच जपणुकीने सांभाळले होते.

अनिकेताचा प्रश्न आपण चुकीच्या माणसाला विचारत आलो आहोत, असे मला त्या ओसरीवर वाटले. ज्याच्यापाशी घर नाही त्याच्या अनासक्तीची परीक्षा होऊच शकत नाही. त्याला आधी आसरा पाहिजे, उपदेश नंतर. परीक्षा होते ती ज्याच्या खिशात किल्ली आहे त्याची. रामानुजाचार्यांनी सांगितलेली आसक्ती मोजावयाची झाली तर मनाच्या आत डोकावण्याची गरज नाही. आपल्या मालकीच्या जागेत दुसऱ्याला येऊ देताना आपला हात किती आखडतो, एवढे पाहिले की पुरे. आणि ज्ञानदेवांच्या त्या दोन विधानांमधील अंतरही मग भरून निघते. अवघे विश्व एखाद्याला आपले घर वाटणे ही त्याच्या एकट्याच्या अंतःकरणाची सिद्धी असेल. पण ते खरोखर त्याचे घर होण्यासाठी दुसऱ्या कोणीतरी दार उघडावे लागते. अनिकेतता हा एकट्याने मिळवावयाचा गुण असता तर गीतेने तो वनात जाणाऱ्याला सांगितला असता. तो भक्ताला सांगितला, आणि भक्त माणसांत राहतो.

दुसऱ्या दिवशी मी ते घर उघडले. आत चार वर्षांपूर्वीची दिनदर्शिका होती, नळातून आधी हवा आणि मग तांबडे पाणी आले, आणि पालीने दिव्याच्या बटणामागे अंडी घालून ठेवली होती. इतकी वर्षे त्या घरात माझे भय बिनभाड्याने राहत होते.

मी काही दान केले नाही. भाडे घेतो, डिपॉझिटही घेतले, आणि करार छत्तीस महिन्यांचा नोंदवला. सरांनी तो आग्रहाने नोंदवायला लावला, कारण कायद्याने नोंदणीची जबाबदारी मालकाची असली तरी विवंचना त्यांची होती. मुलगा परत आला तर काय करावयाचे हेही त्यात लिहिले आहे. रविवारी सकाळी तोच तरुण गृहस्थ पिशवी घेऊन आला. या खेपेस माझा अंगठा साक्षीदाराच्या नव्हे, मालकाच्या रकान्यात उमटला. त्याने तयार मसुदा वाचून दाखवण्यास सुरुवात केली आणि अकराव्या की बाराव्या कलमापाशी मी त्याला थांबवले. भिंतीला नवा खिळा ठोकू नये, असे ते कलम होते. ‘‘हे सगळ्यांच्यात असतं काका,’’ तो म्हणाला. मी म्हटले, असू दे. यातून काढून टाक. त्याने ओळ पुसली, खालच्या कलमांचे क्रमांक एकेकाने वर सरकले, आणि सरांची धाकटी मुलगी चौकटीतले प्रशस्तिपत्र छातीशी धरून कोणत्या भिंतीवर ते लावावे हे ठरवीत घरभर हिंडू लागली.